जांभळाखालचा पॉइंट

दारात सरकारी अँब्युलन्स उभी राहायला लागली की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते आपणहून येतात. पाण्याची बाटली भरायला येतात, मोबाईल चार्जिंगला लावायला येतात, कधी नुसतेच ओट्यावर टेकतात, आणि दोन घोट चहा पोटात गेला की बोलायला लागतात. मी ऐकते आणि ठेवून देते. आता इतके साठलेत की एक काढायला गेलं तर चार अंगावर पडतात!

विहारातल्या बायका म्हणतात, "शेवंताबाई, लिहून काढा." मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मराठी वाचायला शिकले ती भंडाऱ्याहून सामान गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर, आणि हिंदी शिकले कानपूर रोडवरच्या दुकानांच्या पाट्यांवर. तरी लिहितेय. शुद्धलेखन कुणाला खटकलं तर त्याने आपल्या घरी बसून दुरुस्त करून घ्यावं. बाहेर मी हिंदीच बोलते, पण ती माझ्या पद्धतीची असते, म्हणून माझं बोलणं इथे मराठीतच देते.

आमचं घर लखनऊच्या सरोजिनी नगरात, मोठ्या रस्त्याला लागून. हे इथल्या कारखान्यात फिटर होते, त्यांच्यामागे मी आले आणि इथलीच झाले. दारात जांभळाचं झाड आहे. त्याखाली गाडी उभी राहते, त्या जागेला 'पॉइंट' म्हणतात. गाडीवर दोन माणसं. रामसजीवन गाडी चालवतो. त्यांच्या भाषेत ड्रायव्हरला पायलट म्हणतात, आणि विमानतळ इथून जवळ, त्यामुळे त्याचं लग्न ठरताना मुलीकडची मंडळी फार खूश झाली होती, पण ते असो. दुसरी नसरीन. ती मागे पेशंटजवळ बसते, ऑक्सिजन लावते, बीपी बघते. मलिहाबादची पोर, बाप आंब्याच्या बागेत राबतो. दोघंही मला अम्मा म्हणतात. मी त्यांना मराठीत रागावते, ते बरोबर कळतं त्यांना.

या सगळ्या किश्शांच्या मागे एक धाक कायम उभा असायचा. हा पॉइंट उठणार! आज उठणार, उद्या उठणार, गाडी गोमती नगरला जाणार. तो धाक लक्षात ठेवून वाचा.

०

पॉइंट काही आपोआप आला नाही.

हे गेले तेव्हा इथे गाडी नव्हती. सकाळी हे अंघोळ करून बाहेर आले, छातीवर हात ठेवला आणि अंगणातल्या खाटेवर बसले. अशोकने, माझ्या मुलाने, फोन लावला. गाडी निघाली होती, खोटं कशाला बोलू! पण शहराच्या पार त्या टोकाहून निघाली होती. फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती, "गाड़ी रास्ते में है, सर." ती पोहोचली तेव्हा हे खाटेवरच होते. गाडीचं काम उरलं नव्हतं.

पुण्यानुमोदन झालं आणि मी गोमती नगर गाठलं. कुठली गाडी कुठे उभी करायची ते ठरवणारं कार्यालय तिथे आहे. मी तिथे इतक्यांदा गेले की चपराशी मला विचारायचा, "अम्मा, आज छुट्टी है, आपको नहीं बताया किसी ने?"

तेव्हाचे साहेब म्हणाले, "माताजी, पॉइंट के लिए शेड चाहिए. शेड का बजट नहीं है."

मी म्हणाले, "माझ्या दारात जांभूळ आहे. त्याची सावली कुणी मंजूर केलेली नाही, तरी पडते!"

पावसाळा संपता संपता गाडी आली. रामसजीवनने ती झाडाखाली लावली, उतरला, वर बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, "अम्मा, जामुन गिरेगा तो गाड़ी बैंगनी हो जाएगी."

"पुसून घे," मी म्हणाले.

०

गाडीतल्या यंत्रांना वीज लागते. घशातलं ओढून काढायचं यंत्र, हृदयाचं बघायचं यंत्र, सगळी चार्ज करून ठेवावी लागतात. ती वीज गाडीतल्या ज्या डब्यातून यायची तो डबा एका उन्हाळ्यात बसला. तिवारी म्हणून कंपनीचा सुपरवायझर आहे. कंपनी म्हणजे सरकारने गाड्या चालवायला दिलेली ठेकेदार कंपनी. तो मोटारसायकलवरून खाली न उतरताच म्हणाला, "डिमांड भेज दी है. बजट आएगा तो लगेगा."

मी खिडकीतून पिवळी वायर बाहेर सोडली. घरात टीव्हीला प्लग मिळेना, पण गाडीला मिळाला.

अशोक केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात आहे. घरी आला, वायर बघितली आणि चेहरा ऑफिसचा केला. "आई, सरकारी उपकरणं खासगी विजेवर चालवणं नियमात बसत नाही."

मी म्हणाले, "तुझे बाबा नियमात बसूनच गेले."

नंतर एका रविवारी तो चांगल्या प्रतीची, जाड वायर घेऊन आला आणि मुकाट्याने बदलून दिली.

पुढे कधीतरी वरून पाहणीला एक डॉक्टर आले. गाडीला चक्कर मारताना त्यांचा पाय त्याच वायरीत अडकला. पडता पडता वाचले. चिडून ओरडले, "ये तार किसका है?"

रामसजीवन हात जोडून उभा. "सर, खिड़की के इस तरफ़ सरकार का है, उस तरफ़ अम्मा का."

०

लोकही काही कमी नाहीत. गाडी फुकट आहे म्हटल्यावर काय काय सुचतं!

एकदा फोन आला, छातीत दुखतंय. जवळच्याच कॉलनीतला पत्ता. दोघं धावत गेली. बघतात तर एक गृहस्थ दारात कपडे करून उभे, केसांना तेल, बाजूला सूटकेस. म्हणाले, "चारबाग स्टेशन तक छोड़ दीजिए, बेटा. ट्रेन है. ऑटो वाले लूट रहे हैं."

रामसजीवनचं डोकं फिरलं. पण नसरीन शांत. एवढी शांत की रामसजीवन म्हणतो, मलाच भीती वाटली.

"अंकल, आपने छाती का दर्द लिखाया है," ती म्हणाली. "लेट जाइए."

"अरे, वो तो बस..."

"लेट जाइए. बोलना मना है. बोलने से हार्ट पर ज़ोर पड़ता है."

त्यांना स्ट्रेचरवर झोपवलं, पट्टे आवळले, तोंडाला मास्क. सूटकेस पायाशी. सायरन लावून थेट सरकारी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत! तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त घेतलं, ईसीजी काढला. ईसीजी उत्तम आला. ट्रेन तोवर कानपूरच्या पुढे गेली असेल.

गृहस्थ बाहेर येऊन किंचाळले, "मैं शिकायत करूँगा!"

"ज़रूर कीजिए," नसरीन म्हणाली, "लेकिन बैठकर. अभी-अभी दिल के दर्द से उठे हैं आप."

हसले मी. मग हसू थांबलं. कारण नसरीन चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "अम्मा, उतनी देर में पीछे से एक और कॉल आया था. वो दूसरी गाड़ी को गया. पता नहीं कितनी दूर से आई होगी."

०

तिवारीचा एक स्वभाव आहे. काम असलं की तो मोटारसायकलवरून उतरतो.

त्या दिवशी उतरला, ओट्यावर बसला, पाणी मागितलं. मी समजले. म्हणाला, "अम्मा, इस महीने केस बहुत कम हैं आपके पॉइंट पर. ऊपर वाले पूछ रहे हैं, लोग बीमार नहीं पड़ते क्या वहाँ?"

"नाही पडले तर वाईट आहे का?"

"बुरा नहीं अम्मा, मगर केस नहीं तो गाड़ी नहीं. गोमती नगर वाले माँग रहे हैं. गाड़ी उठ जाएगी." मग आवाज खाली आणला. "बस नाम दे दीजिए. बीपी का केस. आपको कहीं जाना नहीं है, गाड़ी चौराहे तक घूमकर आ जाएगी. सब पॉइंट यही करते हैं."

आता विचार करा. ज्या गाडीसाठी मी चपला झिजवल्या, ती वाचवायला नुसतं नाव द्यायचं होतं. शेजारचे पाठकजी तर तयारच होते. म्हणाले, माझं आणि मिसेसचं, दोघांचं घाला, आलटून पालटून!

पण मी खोटी पेशंट होऊन गाडी चौराह्यापर्यंत फिरणार, आणि तेवढ्यात कुणी खरा छातीवर हात ठेवून बसला तर? त्याच्या मुलाला ती फोनवरची पोरगी काय सांगणार? गाडी रस्त्यात आहे!

मी तिवारीला म्हणाले, "माझं नाव मी स्वतःच्या हाताने लिहायला शिकले. नवऱ्यालाही शिकवू दिलं नाही. ते मी उधार देत नाही. उठ."

उठला. ग्लास अर्धा तसाच ठेवून गेला.

रामसजीवन त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. त्याचीही बायको-पोरं आहेत, गाडी उठली तर त्याला कुठे पाठवतील याचा नेम नाही. संध्याकाळी जाताना फक्त एवढं म्हणाला, "अम्मा, ईमानदारी में डीज़ल नहीं डलता."

०

डिझेलचा किस्सा त्यानंतरचाच.

गाडीत डिझेल कार्डावर भरतात. सरकारकडून कंपनीला पैसे यायला उशीर झाला की कंपनी कार्ड बंद करते. पंपवाला मशीनमध्ये कार्ड घालतो, मशीन नाही म्हणतं, पंपवालाही नाही म्हणतो. जूनचं ऊन, गाडी जांभळाखाली, काटा तळाला.

भर दुपारी कॉल आला. वीटभट्टीवर मजुराच्या पोरीला सापाने चावलं होतं. रामसजीवनने किल्ली फिरवली आणि मला म्हणाला, "जाने भर का है. आने का नहीं है."

"जा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

गेले. पोरीला घेतलं. येताना गाडी धक्के खायला लागली. रस्त्याच्या कडेला तंबू दिसला, कुणाकडे मुंडन होतं. पंगत बसलेली, मोठाले कूलर चाललेले आणि तंबूमागे जनरेटर धडधडत होता. रामसजीवन कॅन घेऊन सरळ पंगतीत घुसला. म्हणाला, "साँप का काटा बच्चा है गाड़ी में. जनरेटर का डीज़ल दे दो."

यजमान पाहुण्यांकडे बघतोय. आत कूलरपुढे त्याची आई बसलेली, माझ्याच वयाची, डोक्यावरून पदर. ती खेकसली, "देखत का हौ? बंद करौ मसीन! पंखा झलै का हाथ नाहीं हैं तुम्हरे?"

जनरेटर बंद झाला. कूलर थांबले. नळी लावून डिझेल काढलं आणि गाडी निघाली. रामसजीवन सांगतो, आरशात बघितलं तर सगळी पंगत पत्रावळीने वारा घेत होती आणि ती म्हातारी रस्त्यावर येऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी तोच यजमान मोटारसायकलवर पॉइंट शोधत आला. मला वाटलं डिझेल मागायला आला.

म्हणाला, "अम्मा ने भेजा है. पूछ रही हैं, बिटिया बची?"

बचावली होती. त्याने तिथेच फोन लावून आईला सांगितलं. पलीकडून मोठ्याने काहीतरी आलं. मी विचारलं, काय म्हणतेय?

"कह रही हैं, तो फिर मुंडन अच्छा हुआ."

०

सगळेच वाचत नाहीत.

कुणी गाडीत गेलं की मला न सांगता कळतं. रामसजीवन गाडी उलट्या तोंडाने लावतो, मागचं दार नळाच्या बाजूला करून. कुणी चहा मागत नाही. आधी गाडी धुतात. मी बादली ठेवते आणि आत जाते.

एकदा गाडी धुऊन झाली तरी नसरीन नळापाशीच बसून राहिली. तरणा माणूस होता, ट्रकवर माल चढवणारा. ही सगळा रस्ता मोजत मोजत त्याची छाती दाबत गेली. रुग्णालयात डॉक्टरांनी एकदा डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली, तरी ही दाबतच होती. रामसजीवनने तिचे हात धरून बाजूला केले.

मी म्हणाले, "आत ये."

आली. अशा वेळी काय बोलायचं ते मला येत नाही. यांच्या वेळी लोक येऊन बोलत बसायचे, तेव्हा एकेकाला उचलून बाहेर ठेवावंसं वाटायचं. मी तिच्यापुढे परात सरकवली. "पोळ्या लाट."

"अम्मा, मुझे गोल नहीं आती."

"गोल कुणी मागितल्या?"

लाटायला लागली. ओठ हलत होते. मला वाटलं दुवा म्हणतेय. मग ऐकू आलं, ती मोजत होती. तीसपर्यंत मोजायची, थांबायची, दोनदा श्वास घ्यायची, परत एकपासून.

"अम्मा," ती खाली बघूनच म्हणाली, "गिनती बंद नहीं हो रही."

"नको करू बंद," मी म्हणाले. "मी भाजते. तू मोज."

परातीतली कणीक संपली. मी आणखी भिजवली.

०

मग परीक्षा आली. सरकारने ठरवलं, ज्या पॉइंटवर केस कमी, तिथे गाडी वेळेवर पोहोचते का ते तपासायचं. नापास झाली तर गाडी उचलायची.

परीक्षा अचानक होणार होती. म्हणजे सोमवारी, कोल्ड स्टोरेजच्या गेटवरून, एक साहेब छातीत दुखतंय म्हणून फोन करणार, एवढं तिवारीने आदल्या दिवशीच येऊन सांगितलं. आमचा पॉइंट उठला तर त्याचंही एक ठिकाण कमी होत होतं.

सोमवारी गाडी धुऊन तयार. रामसजीवनने इंजिन गरम करून ठेवलं. पाठकजी तर खुर्ची टाकून बघायला बसले, क्रिकेट असल्यासारखे.

फोन वाजला. पण कोल्ड स्टोरेजचा नव्हता. नवीन इमारतीच्या कामावरची बाई, दिवस भरलेले, रक्त जातंय. नसरीनने पत्ता घेतला, दार ओढलं, गाडी हलली. तेवढ्यात तिवारीचा फोन. स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"कहाँ जा रहे हो? साहब गेट पर खड़े हैं! वो वाला केस दूसरी गाड़ी को दे देंगे. तुम कोल्ड स्टोरेज पहुँचो! पॉइंट बचाना है कि नहीं?"

रामसजीवनने ब्रेकवर पाय ठेवला आणि नसरीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पॉइंट माझा होता, पण गाडीत नसरीन बसली होती, ठरवायचं तिने.

नसरीन फोनमध्ये म्हणाली, "सर, साहब से कहिए थोड़ा पानी पी लें और छाँव में बैठें. उनका दर्द ठीक हो जाएगा."

गाडी उजवीकडे वळली. कोल्ड स्टोरेज डावीकडे होतं.

बाई वाचली, मूलही वाचलं. आम्ही नापास झालो. पुढल्या महिन्यापासून गाडी गोमती नगरला, असा हुकूम आला.

०

आता शेवटचा.

हुकूम आल्यावर मी पल्लवीला म्हणाले, "स्कूटर काढ." पल्लवी माझी नात, कॉलेजात आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. "आजी, इतनी धूप में? पागल हो क्या?" म्हणाली, पण काढली.

कार्यालय तेच. लिफ्ट बंद होती. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. आता तिथे सक्सेना म्हणून साहेब आहेत. माणूस वाईट नाही, उभा राहिला, खुर्ची दिली. मी परीक्षेचं सगळं सांगितलं. म्हणाले, "मालूम है, माताजी. लड़की ने सही किया. मैं होता तो मैं भी वही करता."

"मग हुकूम?"

ते म्हणाले, "जितना बजट आया, उतनी गाड़ियाँ हैं. यहाँ से नहीं उठाऊँगा तो कहीं और से उठानी पड़ेगी. आप बताइए, कहाँ से उठाऊँ? लोग तो इधर भी मरते हैं."

त्यांचं खरं होतं. उगाच मोठेपणा कशाला सांगू! मी खुर्चीतून उठले. डोळ्यांपुढे काळं आलं, की मी येऊ दिलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. खाली कार्पेट होतं. त्यावर आडवी झाले.

"आजी!" पल्लवी कानाशी येऊन कुजबुजली, "नाटक मत करो, प्लीज़!"

"साहेब," मी म्हणाले, "मला चक्कर आलीय. गाडी बोलवा."

"मेरी गाड़ी नीचे है, मैं अभी..."

"तुमची नको. आम्हाला मिळते ती."

सक्सेना साहेबांनी तो फुकटचा नंबर स्पीकरवर लावला. आधी गाणं वाजलं, मग पोरीचा गोड आवाज. नाव, वय, तकलीफ. मग, "नज़दीकी लैंडमार्क बताइए."

"अरे, मैं सक्सेना बोल रहा हूँ! ऑफ़िस से!"

"जी सर. लैंडमार्क बताइए."

त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, पासवाली एक गाड़ी वीआयपी ड्यूटी पे है सर, एक गैरेज में है, एक में डीज़ल का इशू है. एक खाली है, रोगी छोड़कर लौट रही है, उसे भेज रही हूँ. गाड़ी रास्ते में है, सर.

साहेबांनी फोन ठेवला. खिडकीपाशी गेले, खाली बघितलं. दारापाशी गेले, परत खिडकीपाशी आले. असं किती वेळ चाललं, मी मोजलं नाही, खालून मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. मग ते बूट माझ्याजवळ आले आणि साहेब कार्पेटवर मांडी घालून बसले.

"माताजी, बात करते रहिए. सोइए मत."

"तुमची आई कुठे असते?"

"गाँव में. हरदोई की तरफ़."

"तिथे गाडी आहे?"

ते माझा हात धरून बसले.

शेवटी जिन्यावर धावायचा आवाज आला. दार उघडलं आणि आत कोण? नसरीन! आमचीच गाडी! मला कार्पेटवर बघून तिने एक डोळा बारीक केला. तिला वाटलं, अम्माने काहीतरी डाव टाकलाय. माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली. आकडा बघितला. परत हवा भरली, परत बघितला. मग तिचा चेहरा तो झाला, जो मी फक्त लांबून, गाडीच्या काचेतून पाहिलेला आहे.

"सर, ये सच का केस है," ती म्हणाली. "रास्ता दीजिए. लिफ़्ट?"

"बंद है," साहेब म्हणाले.

"तो सिर की तरफ़ से पकड़िए."

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. रामसजीवन पायाकडून, साहेब डोक्याकडून, नसरीन बाजूने ऑक्सिजन धरून आणि मागे पल्लवी दोन्ही चपला हातात घेऊन रडत. जिना अरुंद. एका वळणावर स्ट्रेचर अडकलं. साहेबांचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर उलटा आला, लालबुंद, तोंड उघडं, आणि त्यांचा घाम माझ्या कपाळावर टपकला.

मी मास्क बाजूला केला. "साहेब, थांबा. दम घ्या जरा. तुम्हाला काही झालं तर दुसरी गाडी नाहीये!"